सुवन्नाफूमच्या भाताला सल्ला: पाऊस जाण्याआधी बांधाची बिळं बुजवा

थायलंडच्या ईशान्येला, रोई एत प्रांतातल्या सुवन्नाफूम तालुक्यात सप्टेंबरात भात हिरवागार दिसतो आणि नोव्हेंबरात त्याच खाचरातून पळंज, म्हणजे पोकळ दाणे, निघतं. दरवर्षी हेच बघतोय. बहुतेक ठिकाणी दोष ना रोगाचा असतो, ना किडीचा. बांध गळका असतो.

इथलं मुख्य वाण खाओ दोक मली १०५, म्हणजे १९५९ साली मान्यता मिळालेला सुवासिक जास्मिन तांदूळ. हे वाण दिवसाच्या लांबीवर चालतं. जूनमध्ये पेरा नाहीतर जुलैअखेर लावा, फुलोरा २० ते २५ ऑक्टोबरच्या आसपासच येणार. पाऊस मात्र साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर पाठ फिरवतो. म्हणजे दाणा भरतो तो सप्टेंबरात पडलेल्या आणि बांधाने धरून ठेवलेल्या पाण्यावर. बहुतेकांकडे दुसरं पाणीच नाही.

त्यात जमिनीखाली मीठ. थुंग कुला रोंगहाईचं हे सपाट मैदान पाच प्रांतांत पसरलंय. माती वाळूसर, आणि खोलवर खडकमिठाचे थर. खाचरात चार बोटं पाणी उभं असेल तोवर मीठ दबून राहतं. पाणी उतरून माती उघडी पडली की ते वर चढतं, आणि नेमकं फुलोऱ्यात चढलं तर लोंबी पांढरी पडते. मुन नदीच्या खोऱ्यात लोहयुगापासून लोक मीठ काढत आलेत. १९८० च्या दशकात वरच्या अंगाला, बोराबू भागात मीठ काढण्याचा धंदा वाढला, लाम सिआओ नदी खारावली आणि खालच्या शेतकऱ्यांना आंदोलन करावं लागलं. म्हणून ओढ्या-नदीचं पाणी पंपाने घ्यायचं असेल तर आधी त्याची क्षारता तपासून घ्या.

आता बांध. पाहणी सकाळी करा आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाने चाला. आतल्या बाजूला पाणी असतं, तिथून गळती दिसत नाही. बाहेर कोरड्या उतारावर ओला डाग दिसला, किंवा ताज्या चिखलाच्या गोळ्या पडलेल्या दिसल्या, की तिथे खेकड्याचं बीळ आहे असं समजा. तोंडात नुसता पेंढा कोंबू नका, रात्रीत पाणी वाट काढतं. बीळ कुदळीने शेवटापर्यंत उकरा, सखल जागेतली चिकण ओली माती थराथराने भरा, पायाने तुडवा. मग खाचरात खुणा केलेली काठी रोवून संध्याकाळी आणि पहाटे पाणी बघा. रात्री बाष्पीभवन फार होत नाही. एका रात्रीत बोटभर पाणी उतरलं तर गळती राहिलीये, असा माझा ठोकताळा आहे. उत्तरेचा कोरडा वारा सुटण्याआधी हे काम झालंच पाहिजे.

कुणी म्हणेल, दाणा भरताना थोडा ताण बसला की सुवास वाढतो. त्यात तथ्य आहे. पण दाणाच भरला नाही तर सुवासाला भाव कोण देणार?

दुकानदार या दिवसांत ‘मीठ मारणाऱ्या’ बाटल्या पुढे करतात. घेऊ नका. मीठ मरत नाही. गोड्या पाण्याने धुवून खाली न्यावं लागतं. मिठाने पांढरं फुटलेल्या जागेवर पेंढा, तूस, शेणखत पसरा, जागा उघडी ठेवू नका. पुढच्या हंगामासाठी आफ्रिकन ढेंचा, म्हणजे हिरवळीचं खत, रायला ५ किलो पेरा आणि फुलावर येताच गाडा. राय हे तिथलं जमिनीचं माप, एकरात अडीच राय बसतात.

बाकी कामं:
– वाळूसर जमिनीला १६-१६-८ (नत्र-स्फुरद-पालाश) खत रायला साधारण २५ किलो.
– पोटरी धरू लागताना, साधारण २० सप्टेंबरच्या सुमारास, युरिया ५ ते १० किलो. जास्त नको, करपा येतो.
– भेसळीची रोपं उपटणे.
– तपकिरी तुडतुडे: चुडात १० च्या वर गेले तरच फवारणी. सायपरमेथ्रीन, अबामेक्टिन नको.
– कापणीआधी ७ ते १० दिवस पाणी काढणे.

कुणाकडे जायचं? अम्फो म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखा. त्याखाली तंबोन, त्याखाली गाव. लागवडीची नोंद अम्फोच्या कृषी कार्यालयात याच हंगामातली असू द्या. दुष्काळ वा पूर जाहीर झाला की मदत नोंदीवरच मिळते, आणि नोंद राहिली म्हणून रिकाम्या हाताने परतलेली माणसं दर साली दिसतात. माती तपासायला आणि ढेंच्याच्या बियाण्याला भूविकास विभागाचे गावातले ‘मृदावैद्य’ स्वयंसेवक गाठा. सामाईक चर किंवा मोठा बांध फुटला असेल तर तंबोनच्या प्रशासन संस्थेकडे अर्ज करा. १९९४ च्या कायद्यापासून स्थानिक कामांसाठी तिचा स्वतःचा निधी असतो. गावप्रमुखाला, म्हणजे फू याई बानला, भोंग्यावरून बांधपाहणीचा दिवस पुकारायला सांगा. एकाचा बांध पक्का आणि शेजाऱ्याचा फुटका असेल तर उतारावर दोघांचंही पाणी जातं.

सुवन्नाफूम हे शहर रोई एतहून जुनं. १७७५ मध्ये इथूनच वेगळं होऊन रोई एत वसलं. तालुक्यातल्या कू फ्रा कोना या ११ व्या शतकातल्या खमेर देवळाजवळही पाण्याचा तलाव खोदलेला आहे. या मातीत पाणी अडवल्याशिवाय तेव्हाही भागत नव्हतं. सप्टेंबरचा शेवटचा मोठा पाऊस यायच्या आत कुदळ घेऊन बांधावर जा.