बेळगावहून एनसीपीएला निघालात? या चुका टाळा

बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली गायक कुमार गंधर्व जन्मले. त्या मुलखातली माणसं गाण्यासाठी मुंबई गाठतात, यात नवल नाही. पण नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सला, पोचूनही हिरमोड होतो, तो बहुतेक वेळेच्या हिशेबामुळे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशीच सकाळी निघणं. मी ती केली आहे. खंबाटकी घाटात ट्रक आडवा झाला नि आमची बस दोन तास हलली नाही. मी पोचले तेव्हा दारं लागली होती. आत विलंबित, संथ लयीतला ख्याल चाललेला आणि मी बाहेर उभी, घामेजल्या मुठीत तिकीट मऊ पडलेलं. आपल्याकडे उशिरा आलं तरी मागच्या रांगेत सरकून बसता येतं. अशा सभागृहांत मध्येच सोडत नाहीत, विरामापर्यंत थांबावं लागतं. म्हणून आदल्या रात्रीच निघा. चालुक्य एक्सप्रेसचा प्रवास दादरलाच संपतो. तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वेकडे या आणि चर्चगेट लोकल धरा. पुढे टॅक्सी करा, नाहीतर समुद्र उजव्या हाताला ठेवून मरीन ड्राइव्हच्या टोकापर्यंत चालत जा.

तिकिटावर नुसतं 'एनसीपीए' वाचून थांबू नका. एकाच आवारात टाटा, जमशेद भाभा, एक्सपेरिमेंटल, लिटल आणि गोदरेज डान्स अशी पाच थिएटरं आहेत. पोचल्या पोचल्या आपलं दार विचारून घ्या.

टाटा थिएटर 1980 साली उघडलं. माइकशिवायही सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा, या हिशेबाने सिरिल हॅरिस यांनी त्याची ध्वनिरचना केली. तिथे गायकाचा श्वास ऐकू येतो, तशी तुमच्या मांडीवरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीची चुरचुरही ऐकू जाते. नातेवाइकांसाठी आणलेला कुंदा उतरल्या ठिकाणीच ठेवून या. फोन सायलेंट नको, बंदच करा. अंधारात पडद्याचा उजेडही चार रांगांना खुपतो.

समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दाद देणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे आणि ख्यालाला ती हवीच. पाश्चात्त्य वाद्यवृंद असेल तर मात्र दोन भागांमधल्या शांततेत टाळी नको. संचालकाने हात खाली घेऊन श्रोत्यांकडे वळेपर्यंत थांबा.

आणि परतीची बस त्याच रात्रीची काढू नका. नाहीतर शेवटची भैरवी घड्याळाकडे बघत ऐकावी लागते.