ग्रीन कार्डची मेडिकल: या चुका टाळा

आपल्याकडे सिव्हिल सर्जन म्हटलं की जिल्हा रुग्णालयाचे मोठे साहेब डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत मात्र हा शब्द यूएससीआयएसनं, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्यानं, ग्रीन कार्डाच्या तपासणीसाठी नेमलेल्या डॉक्टरसाठी वापरतात. तुमचा फॅमिली डॉक्टर कितीही जुना असो, त्या यादीत नसेल तर त्याची सही आय-६९३ या मेडिकलच्या फॉर्मवर चालत नाही. मुंबईच्या वकिलातीतून इमिग्रंट व्हिसा घेणाऱ्यांसाठी पॅनेल फिजिशियन, म्हणजे वकिलातीनं ठरवलेले डॉक्टर असतात, त्यांचं खातं वेगळं. फीचा सरकारी दर नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा.

हा डॉक्टर औषध द्यायला बसलेला नसतो आणि ग्रीन कार्डचा निर्णयही तो करत नाही. तो नोंदी करतो. त्यामुळे शुगर, बीपी लपवू नका. त्याचं लक्ष टीबी, सिफिलिस, व्यसन, लसी यांवर असतं. एचआयव्ही तर २०१० सालीच अर्ज अडवणाऱ्या आजारांच्या यादीतून गेला. गांजा मात्र अडचणीत आणतो. ‘आमच्या राज्यात चालतो’ म्हणून भागत नाही, कारण इमिग्रेशन केंद्राच्या कायद्यावर चालतं.

सगळ्यात जास्त घोळ लसींचा. माझं लहानपणीचं कार्ड आईनं ट्रंकेतून काढून व्हॉट्सॲपवर पाठवलं. गोवरापुढे निळ्या शाईत तारीख होती, पण गालगुंड आणि रुबेलाचा पत्ताच नाही, कारण तेव्हा सरकारी दवाखान्यात नुसती गोवराचीच लस देत. ‘लहानपणी सगळं टोचलंय’ हे तोंडी चालत नाही, तारखेची लेखी नोंद लागते, मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरासह. नोंद नसेल तर सुईसाठी हात पुढे करण्याआधी टायटरबद्दल, म्हणजे अँटिबॉडीजच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांच्या अँटिबॉडीज रक्तात सापडल्या तर ती लस पुन्हा घ्यावी लागत नाही.

टीबीच्या तपासणीत पॉझिटिव्ह आलं की ‘लहानपणच्या बीसीजीच्या, म्हणजे टीबीच्या लसीमुळे असेल’ म्हणून हुज्जत घालू नका. ते जुन्या, कातडीवरच्या टेस्टला लागू होतं. आता आयग्रा ही रक्ताची टेस्ट करतात, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. पुढे छातीचा एक्स-रे निघतो. तो स्वच्छ असेल आणि लक्षणं नसतील, तर सुप्त टीबीपायी अर्ज थांबत नाही.

२ डिसेंबर २०२४ पासून हा मेडिकलचा फॉर्म आय-४८५ या ग्रीन कार्डाच्या मुख्य अर्जासोबतच जोडावा लागतो, नाहीतर अख्खा अर्ज परत येऊ शकतो. फॉर्मवर घरी सही करून जाऊ नका, डॉक्टर सांगेल तेव्हा त्याच्यासमोर करा.

आणि डॉक्टर भरलेला फॉर्म ज्यात घालून देतो, ते सीलबंद पाकीट! माझ्या मैत्रिणीनं नावाचं स्पेलिंग बघायला ते किटलीच्या वाफेवर उघडलं आणि गोंदानं परत चिकटवलं. कडा सुरकुतल्या, ते लपेना. उघडलेलं पाकीट चालत नाही, त्यामुळे ती पुन्हा क्लिनिकमध्ये, पुन्हा पैसे. आपली प्रत हवी असेल तर सील लावण्याआधीच मागायची. तिनं ती मागितलीच नव्हती.