अमूर्त चित्राच्या स्टुडिओत या चुका टाळा

“सर, काल रात्रीपर्यंत चित्र छान होतं, आज बघतो तर सगळा चिखल.” दर पावसाळ्यात हे वाक्य कुणा ना कुणा विद्यार्थ्याकडून ऐकायला मिळतं. मी विचारतो, किती वाजेपर्यंत काम करत होतास? दीड वाजेपर्यंत. शेवटचा थर दिलास तेव्हा खालचा वाळला होता का? यावर गप्प.

निसर्गचित्र बिघडलं तर समोरचं झाड बघून चूक ताडता येते. अमूर्त चित्रात ताडायला समोर फक्त चित्रच असतं, आणि ओला रंग खरा दिसत नाही. अॅक्रिलिक, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग, वाळल्यावर गडद होतं. तैलरंगाची चकाकी काही ठिकाणी मरते, काही ठिकाणी राहते. म्हणून वाळण्याची वाट बघणं हा कामाचाच भाग आहे. खालच्या बहुतेक चुका ही वाट न बघितल्याने होतात.

रंगांचा चिखल

अल्ट्रामरीन निळ्याचा थर दिलाय, त्यावर पिवळा ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, ओढायचाय. निळा ओला असेल तर ब्रशच्या पहिल्या फटकाऱ्यात ऑकर ऑकरच दिसतो, दुसऱ्यात हिरवट होतो आणि चौथ्या-पाचव्यात शेवाळलेल्या भिंतीचा रंग येतो. घाबरून आपण त्यात थोडा लाल घालतो. लाल आणि हिरवा एकमेकांना मारतात, म्हणजे आता करडा-तपकिरी. मग उजळ करायला टायटॅनियम पांढरा. तो इतका जोरकस असतो की सगळं दुधट होऊन बसतं. दहा मिनिटांत चार रंग वाया गेले, आणि चुकीचा एकही रंग घेतलेला नव्हता.

असं झालं की वर आणखी रंग चढवू नका. पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायची बोथट सुरी, आडवी धरून ओला रंग खरवडून काढा, उरलेला सुती फडक्याने टिपा आणि त्या दिवशी हात धुऊन टाका. मागे जो डाग उरतो तो बहुधा फार सुंदर असतो. पुढच्या थराला त्याच्याइतकी चांगली जमीन मुद्दाम करून मिळत नाही. एक महत्त्वाची गोष्ट: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. माझ्याकडे मे महिन्यात तीन-चार दिवसांत हाताला न लागणारा थर जुलैत दहा-दहा दिवस चिकट राहतो. उपाय साधा आहे: एका वेळी तीन कॅनव्हास सुरू ठेवा. एक वाळतोय तोवर हात दुसऱ्यावर चालतो, आणि अधीरपणाचा मार कुणा एकावर पडत नाही.

भेगा आणि पापुद्रे

आधी पातळ, नंतर तेलकट, हा जुना नियम अमूर्त चित्रालाही तितकाच लागू आहे. टर्पेंटाइनने पातळ केलेला थर खाली, तेल जास्त असलेला वर. उलट केलं तर वरचा कडक होतो, खालचा हलत राहतो आणि चित्र तडकतं. अॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अॅक्रिलिक देऊ नका, ते सुटून येतं. तैलरंगातला झिंक व्हाइट (जस्ताचा पांढरा) खालच्या थरांत वापरणं टाळा. वर्षांनुवर्षांनी तो ठिसूळ होतो आणि वरचे थर पापुद्र्यासारखे उचलले जातात.

हात चालू, डोळे बंद

सगळ्यात मोठी चूक मी हीच मानतो. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८ साली मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले, आणि पुढे आयुष्यभर वर्षाला मोजकीच चित्रं करत राहिले. रोलर, पॅलेट नाइफ, कागदाचे तुकडे रंगावर ठेवून रंग उचलणं, ही त्यांची साधनं आता सगळ्यांना माहीत आहेत. त्यामुळे प्रदर्शनांत वर्तमानपत्राचे ठसे आणि रोलरचे पट्टे भरपूर दिसतात. साधनं उचलली जातात, त्यामागचा थांबा कुणी उचलत नाही. आपल्या कामाला ‘अमूर्त’ म्हणणंही गायतोंड्यांना पटत नसे, ते त्याला ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठल्याही वस्तूचं रूप नसलेलं, म्हणत. रोलर जरूर वापरा, पण तो कुठे थांबवायचा हे ठरवायला आधी बसून पाहावं लागतं.

त्यासाठी स्टुडिओत एक खुर्ची हवी, ईझलपासून, म्हणजे चित्र ठेवायच्या घोडीपासून, निदान आठ फुटांवर. खोली लहान असेल तर दार उघडून पॅसेजमध्ये ठेवा. काम सुरू करण्याआधी वीस मिनिटं तिथे बसा, हातात ब्रश न घेता. पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो. बाराव्या-पंधराव्या मिनिटाला डाव्या कोपऱ्यातला तो लाल ठिपका सगळं चित्र स्वतःकडे खेचतोय हे दिसायला लागतं. मग कॅनव्हास उलटा करून टेका. वजन खरंच तोललेलं आहे का, हे लगेच कळतं. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून बघा: रंग वेगवेगळे असूनही सगळं एकाच करड्यात दिसत असेल, तर चित्र निस्तेज का वाटतंय याचं उत्तर मिळालं.

हे पाहणं दिवसाच्या उजेडात करा. रात्री ट्यूबलाइटखाली जुळवलेला निळा सकाळी खिडकीशी वेगळाच निघतो. रात्री जेसो (रंगाखालचं पांढरं अस्तर) लावा, कॅनव्हास ताणा, ब्रश धुवा. रंगाचा निर्णय सकाळवर ठेवा.

ट्यूबवरचं बारीक अक्षर न वाचणं

अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथ्कोने हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली मोठी चित्रं १९६४ मध्ये तिथल्या एका भोजनकक्षात लागली. मोठ्या काचांतून ऊन आत येत होतं, आणि रंगात लिथॉल रेड होता, जो उजेडात टिकत नाही. लाली उडत गेली, आणि १९७९ पर्यंत चित्रं उतरवून कोठारात ठेवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा दाखवली तेव्हा कॅनव्हासला ब्रश लावला नाही. प्रोजेक्टरच्या प्रकाशाने मूळ रंग तेवढ्यापुरता परत आणला. मला ही गोष्ट फार लागते. ज्याचं सगळं चित्र रंगावरच उभं, त्याचा रंगच गेला तर मागे काय उरणार?

म्हणून ट्यूबवर रंगकणाचं (पिगमेंटचं) नाव आणि प्रकाशात टिकण्याचा क्रमांक बघा. १ किंवा २ असेल तर घ्या. अस्सल अॅलिझरिन क्रिमसन विद्यार्थ्यांना आवडतो, पण तो फिका पडतो. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन गटातला लाल घ्या, थोडा महाग पडतो.

कधी थांबायचं?

‘आणखी एक फटकारा’ असं मनात आलं की दिनांक टाकून कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवा. दोन आठवड्यांनी त्याचं तोंड परत आपल्याकडे वळवा. पहिल्या नजरेत जे खटकतं तेवढंच दुरुस्त करा, बाकीच्याला हात लावू नका. काहीच खटकलं नाही तर चित्र झालं.

आणि नोंद ठेवा. मागच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलने लिहायचं: कोणते रंगकण, किती थर, कोणत्या महिन्यात, आणि वरची बाजू दाखवणारा बाण. माझ्या एका करड्या-केशरी चित्रामागे असे चार बाण आहेत, तीन खोडलेले. चौथा काढायला मार्च उजाडला, चित्र जूनमध्ये सुरू केलं होतं.