बाबांच्या गाण्यांचा फोल्डर घरभर कसा पोचवला

बाबांनी जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या: नाट्यगीतं, भजनं आणि आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, त्यात मागे जात्याची घरघरही. घरातल्या तिन्ही कॉम्प्युटरवर हे असावं म्हणून सिंकथिंग हे फोल्डर सगळ्या मशीनवर सारखा ठेवणारं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे, फायली थेट एका मशीनवरून दुसऱ्यावर जातात.

महिन्याभरात मुलीच्या लॅपटॉपची जागा भरली. तिने ओव्यांचा फोल्डर डिलीट केला आणि तो बाबांच्या कॉम्प्युटरवरूनही गेला! बाबा काही बोलले नाहीत, नुसते स्क्रीनकडे बघत बसले. नशीब, जुन्या हार्ड डिस्कवर कॉपी होती.

मूळ सेटिंगमध्ये बदल दोन्ही बाजूंनी जातात, डिलीट करणंसुद्धा. आता बाबांच्या मशीनवर फोल्डरचा प्रकार ‘सेंड ओन्ली’ (बदल फक्त पाठवायचे) आणि आमच्याकडे ‘रिसीव्ह ओन्ली’ (फक्त घ्यायचे) ठेवलाय. इथे काहीही पुसलं तरी तिथलं हलत नाही.

मुलीला जे नको ते तिच्या लॅपटॉपवर ‘इग्नोर पॅटर्न्स’मध्ये, म्हणजे सिंकमधून वगळायच्या फायलींच्या यादीत लिहिलं, ती यादी त्या मशीनपुरतीच असते. आधी यादी, मग डिलीट, हा क्रम पाळा. तरी हार्ड डिस्कवरची वेगळी कॉपी मी ठेवलीच आहे.

ओव्या मात्र तिने यादीत घातल्या नाहीत.