बावखलाची राखण: पॅरिशमध्ये निर्मितीचा काळ कसा पाळायचा

1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हे 34 दिवस बरीच चर्चेस निर्मितीचा काळ म्हणून, म्हणजे देवाने घडवलेल्या सृष्टीसाठी प्रार्थना आणि काम करायचे दिवस म्हणून पाळतात. 1 सप्टेंबरची प्रार्थना 1989 ला ऑर्थोडॉक्स चर्चचे पॅट्रिआर्क (धर्मप्रमुख) दिमित्रिओस यांनी सुरू केली, पोप फ्रान्सिसनी 2015 ला ती कॅथोलिकांसाठीपण ठरवली, आणि 4 ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. आपल्याकडे मात्र एक पोस्टर, एक प्रवचन, चार रोपं आणि ग्रुपवर फोटो, की झालं.

उत्पत्तीच्या 2ऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते मशागत आणि राखण करायला. मशागत आपल्या वसईकरांच्या हाडात आहे हो, पण राखण मागे पडलीय. म्हणून माझं म्हणणं, यंदा दहा कार्यक्रम नकोत, पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, हद्दीतलं एक बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं छोटं तळं, घ्या आणि तेच धरून ठेवा.

बावखल का, तर वाडीतल्या केळी, पानवेली, फुलझाडं पिढ्यान् पिढ्या ह्याच गोड्या पाण्यावर जगली, पावसाचं पाणी इथे साठून जमिनीत मुरतं म्हणून आजूबाजूच्या विहिरींना पाणी राहतं, आणि समुद्र इतका जवळ असताना गोडं पाणी कमी झालं की खारं आत शिरतं. एक बावखल भरणी टाकून बुजवलं की शेजारच्या चार घरांना ते जाणवतं.

आता करायचं कसं. पहिलं म्हणजे मालक शोधा. बावखल बहुतेक वेळा कोणाच्या तरी खाजगी जागेत असतं, त्यामुळे फादर आणि गावातले दोन जाणते घेऊन त्यांच्या घरी जा, चहा घ्या, त्यांना बुजवावंसं का वाटतंय ते ऐकून घ्या. बऱ्याचदा कारण मच्छर आणि कचरा एवढंच असतं, आणि ते सुटण्यासारखं आहे.

मग जलपर्णी. हे काम नीट समजून घ्या, कारण आमचं इथेच चुकलं होतं. लांब बांबूला आकडा बांधून काठावरूनच ओढायची, पाण्यात उतरायचं नाही, पोरांना तर अजिबात नाही, आणि पावसाळ्यात लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते म्हणून गमबूट आणि हातमोजे पाहिजेतच, पायाला जखम असेल त्याने त्या दिवशी फक्त कचरा वेचावा. आम्ही सकाळभर राबून सगळा ढीग काठालाच रचला आणि खुशीत घरी गेलो, रात्री जोराचा पाऊस आला आणि सकाळी बघतो तर अर्धी जलपर्णी परत पाण्यात, हिरवीगार. तिचा तुकडा राहिला तरी ती पुन्हा वाढते. तेव्हा ढीग उताराच्या उलट बाजूला, पाण्यापासून लांब टाका, वाळू द्या, मग वाडीत खत करा. आणि दर पंधरा दिवसांनी परत बघायला जा, एका दिवसात ती संपत नाही.

गाळ आत्ता काढू नका. तो एप्रिल-मेमध्ये, पाणी खाली गेल्यावर, आणि तो वाडीला सोनं आहे. कोणी देणगीदार म्हणाला की तळाला, कडेला सिमेंट करून देतो, तर प्रेमाने नाही म्हणा, पाणी मुरायचं बंद होईल.

जूनमध्ये लावलेली रोपंपण ह्याच काळात मोजा. जगलेल्यांना आळं करा, सुक्या पानांचं आच्छादन द्या, आणि मार्चपासून पाणी कोण घालणार त्याचं नाव आत्ताच लिहून ठेवा, प्रत्येक झाडाला एक कुटुंब.

प्रार्थनेची बाजू सोडू नका, ती नसेल तर हे नुसतं सफाई अभियान होईल. एका संध्याकाळी काठावर रोझरी (जपमाळेची प्रार्थना) ठेवा, 24वं स्तोत्र वाचा, पृथ्वी परमेश्वराची आहे म्हणणारं, आणि पापनिवेदनाच्या तयारीत पाण्याबद्दलचा एक प्रश्न घाला, म्हणजे माझ्या घराचं सांडपाणी कुठे जातं? आमच्या फादरनी हा विचारला तेव्हा चर्च एकदम शांत झालं होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ उभी केली ती ह्याच पाण्या-जमिनीसाठी, तरुणांना ते जरूर सांगा.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी जिथे आगेरा, म्हणजे नव्या पिकाचा सण, असतो तिथे भाताच्या नव्या लोंब्यांसोबत बावखलातलं एक भांडं पाणीपण वेदीजवळ न्या. आणि मिस्सा सुटल्यावर लोक पांगायच्या आत एप्रिलच्या गाळासाठी तारीख आणि वर्गणी ठरवून टाका, नंतर कोणी भेटत नाही.