मात खरी, पण ती झाली कशी? उलगडताना या चुका टाळा

बुद्धिबळात पटावरची स्थिती पाहून आधीच्या खेळ्या शोधून काढण्याची कोडी असतात. त्याचंच हे उदाहरण. मेलबर्न, १९२८. गुंडरसन (पांढरा) विरुद्ध फॉल (काळा) या डावाचा शेवट पटावर मांडा. काळा राजा एच६ वर, त्याचं एक प्यादं एफ५ वर. पांढऱ्याचा हत्ती एच१, उंट सी१, वजीर जी४, घोडा ई६ आणि प्यादं जी६. राजाला दोन शह आहेत, हत्तीचा आणि उंटाचा. आणि हे दोघंही आपापल्या मूळ घरातच!

इथे बहुतेकजण "अशी स्थिती येऊच शकत नाही" म्हणून मोकळे होतात. दुहेरी शहात दोघांपैकी एक मोहरा नुकताच हललेला असणार, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ही सगळ्यात मोठी चूक. त्याऐवजी शेवटच्या खेळीआधीचा पट डोळ्यांसमोर आणा. खेळी पांढऱ्याची होती, म्हणजे तेव्हा काळ्या राजाला शह असणं शक्यच नाही. दोन्ही वाटा बंद हव्यात. जी६ चं प्यादं जी५ वरून आलं म्हणावं, तर एच पट्टी आधीच उघडी. एच५ वरून जी६ वरचा मोहरा मारत आलं म्हणावं, तर उंटाची तिरकी वाट उघडी. एफ५ वर तर काळं प्यादं उभं आहे. मग उरतं एकच: काळ्याने जी७ चं प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि पांढऱ्याने एच५ वरच्या प्याद्याने ते 'आँ पासाँ' मारलं (म्हणजे दोन घरं पुढे आलेलं प्यादं, ते एकच घर आलं असं मानून, शेजारच्या प्याद्याने लगेच मारणं). एका खेळीत एच५ आणि जी५ ही दोन्ही घरं रिकामी झाली. मला या शेवटाचं सौंदर्य इथेच दिसतं.

पण एवढ्यावर थांबू नका. जी५ खेळण्याआधी उंटाची वाट उघडीच होती, म्हणजे काळ्याला शह होता. तो कुठून आला? डावात पांढऱ्याचा घोडा जी५ वरून ई६ चं प्यादं मारत गेला, त्यातून. मागची खेळी सापडली की तिच्याही मागची शोधायची.

प्यादी मोजायला विसरू नका. प्यादं पट्टी बदलतं ते मारूनच. ए पट्टीवर तीन पांढरी प्यादी दिसली, तर काळ्याचे किमान तीन मोहरे गेलेले हवेत. बी२, डी२ ची प्यादी जागेवर असताना काळ्या घरांवरचा पांढरा उंट बाहेर फिरताना दिसला, तर तो बढतीचाच, म्हणजे शेवटच्या ओळीत पोहोचलेल्या प्याद्याचा झालेला.

कूटप्रश्नांत दोन संकेतांची गल्लत होते. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) अशक्य सिद्ध होईपर्यंत शक्य मानतात; 'आँ पासाँ' मात्र आधीची दोन घरांची चाल सिद्ध झाली तरच.

"असं कोण खेळेल?" हा प्रश्नही बाजूला ठेवा. खेळी नियमात बसते का, एवढंच बघायचं. फॉलने किल्लेकोट केला, नवव्या खेळीला राजानेच एच७ वरचा उंट मारला, दहाव्या खेळीला तो जी६ वर आला आणि पंधराव्या खेळीला मात झाली.