चालताना कंबर धरते? मग "ताठ चाल" हा सल्ला आधी सोडा

बसून नाही, चालूनच ज्यांची कंबर धरते त्यांच्यासाठी हे लिहितोय, मग रोजचा मॉर्निंग वॉक असो नाहीतर आळंदी ते पंढरपूर. चांगले बूट घाला, सॅक दोन्ही खांद्यांवर घ्या, मोबाईल खिशात टाका म्हणजे हात मोकळे हलतील. झाली तयारी.

आता मेन गोष्ट. "ताठ चाल, छाती पुढे काढ" असं जो तो सांगतो ना, तिथेच घोळ होतो. छाती पुढे काढली की बरगड्या वर उचलल्या जातात, कमरेत बाक वाढतो, मणक्यांच्या मागच्या सांध्यांवर दाब येतो, आणि असं तासभर चाललं की कंबर बोलणारच. बरं, हे सांगितलं की लोक पोट आत खेचून काठीसारखे कडक होतात आणि श्वास कोंडून चालतात, तेही नको. मला पण हे जमता जमत नव्हतं. उभं राहून एक हात खालच्या बरगड्यांवर ठेवा आणि तोंडाने सावकाश फूऽऽ करत सगळा श्वास सोडा, शेवटी बरगड्या खाली उतरतात ते हाताला कळतं. तिथूनच चालायला लागा, श्वास नेहमीसारखा घेत. छाती परत वर गेलीय असं वाटलं की परत एक फू. आरशासमोर तासभर प्रॅक्टिस वगैरे काही करू नका, चालतानाच जमतं हे.

दुसरं, ढांगा टाकू नका. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे खुबे पुढून आखडलेले असतात, मागचा पाय लांब गेला की ते कंबरेला ओढतात. पावलं छोटी पण भरभर.

दिवे घाटासारख्या चढाला कमरेत न वाकता घोट्यातून किंचित पुढे झुका. उताराला मागे रेलू नका, गुडघे सैल सोडा.

दुखलंच तर कट्ट्यावर बसा, कोपरं मांड्यांवर टेकवून पुढे वाका, थोडं थांबून मग उठा. पट्टा एखाद दिवस ठीक, रोज बांधून फिरायला माझा साफ विरोध आहे.

उतारवयात चालताना पाय जड पडतात, मुंग्या येतात आणि बसलं की लगेच बरं वाटतं, असं असेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा, मणक्यातली नळी अरुंद झालेली असू शकते. पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिर वाटत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.